जुन्या मारुती ८०० चे मागचे ड्रम ब्रेक: उघडायच्या आधी काय बघायचं आणि उघडल्यावर काय बघायचं

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं प्रॉडक्शन बंद झालं, म्हणजे आज रस्त्यावर असलेली सगळ्यात नवी ८०० पण दहा वर्षांच्या वरचीच आहे. तरी तालुक्याच्या गावात, वाड्या-वस्त्यांवर ती अजून भरपूर दिसते, आणि गाडी शिकायला म्हणून सेकंडहँड ८०० घेणारे पण खूप आहेत. अशी गाडी घेतली की पहिल्या महिन्याभरात एक वाक्य ऐकायला मिळतंच, "मागचे लायनर गेलेत, टाकून घ्या." (लायनर म्हणजे ब्रेक लावल्यावर ड्रमला घासणारा पट्टा.) कधीकधी ते खरं असतं, पण बऱ्याचदा लायनर नवीन टाकून पण ब्रेक होता तसाच राहतो, कारण बिघाड लायनरमध्ये नसतोच, तो गळणाऱ्या ब्रेकच्या सिलेंडरमध्ये असतो नाहीतर गंजलेल्या हँडब्रेकच्या केबलमध्ये असतो, आणि नवीन लायनर पण त्याच तेलात भिजून महिन्याभरात खराब होतात. म्हणून माझं म्हणणं एवढंच की आधी कारण शोधा, पार्ट नंतर घ्या, आणि कारण शोधायचं निम्मं काम ड्रम न उघडता होतं.

मी ८०० धरून लिहितोय, पण ओम्नी, जुनी अल्टो, जीप, कुठल्याही जुन्या गाडीच्या ड्रमला यातलं बहुतेक लागू पडतं.

आतमध्ये काय असतं ते थोडक्यात

मागच्या चाकाबरोबर फिरणारा जो बिडाचा डबा असतो तो ड्रम. त्याच्या आत दोन अर्धगोल शू असतात आणि शूवर लायनर चिकटवलेलं किंवा रिव्हेट मारलेलं असतं. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या प्रेशरने व्हील सिलेंडरचे दोन पिस्टन बाहेर येतात, शू पसरतात आणि लायनर ड्रमला आतून घासतं, पेडल सोडलं की स्प्रिंगा शूला परत ओढून घेतात. हँडब्रेक ओढला की केबल तेच शू पसरवते, फक्त तिथे ऑइलचा काही संबंध नसतो, सगळं तारेवर आणि लिव्हरवर चालतं. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा कारण पुढची अर्धी तपासणी हिच्यावरच आहे: शू तेच, ड्रम तोच, पण दाबायचे रस्ते दोन.

पायरी १: गाडी उभी असतानाच

बॉनेट उघडा आणि ब्रेक ऑइलची टाकी बघा. लेव्हल मिनच्या खाली गेली असेल तर लगेच वरून ओतून मोकळे होऊ नका. पुढच्या डिस्कचे पॅड झिजले की लेव्हल हळूहळू उतरते ते नॉर्मल आहे, पण मागचे लायनर झिजल्याने ती फारशी उतरत नाही, कारण अ‍ॅडजस्टर नीट चालत असेल तर तो शूला ड्रमच्या जवळ ठेवतो आणि सिलेंडरचे पिस्टन जवळपास तिथेच राहतात. त्यामुळे पुढचे पॅड चांगले आहेत आणि तरी लेव्हल उतरतेय, तर कुठेतरी गळतंय असंच धरायचं. खाली वाकून मागच्या चाकांची आतली बाजू बघा, टायरच्या आतल्या भिंतीवर किंवा ड्रमच्या मागच्या पत्र्यावर ओला डाग, धूळ चिकटून काळा चिखल झालेला असेल तर उत्तर तिथेच मिळालं.

आता आत बसून पेडल दाबा. इथे घाई करू नका, पेडल खूप काही सांगतं. पहिल्यांदा दाबल्यावर खूप खाली जातंय पण पटापट दोन-तीनदा मारलं की वर येतं आणि टणक लागतं, तर शू आणि ड्रममधलं अंतर वाढलंय, म्हणजे लायनर झिजलेत नाहीतर अ‍ॅडजस्टर काम करत नाही. दाबताना रबरासारखं मऊ लागतंय, कुठे टणक लागतच नाही, तर लाइनमध्ये हवा आहे. आणि पेडल टणक लागतं पण पाय तसाच दाबून धरला की हळूहळू खाली बसत जातं, तर मास्टर सिलेंडर (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा) आतून पास होतोय, म्हणजे ऑइल आतल्या आत निसटतंय, किंवा बाहेर कुठेतरी लीक आहे. या तिसऱ्या प्रकारात गाडी रस्त्यावर काढायचीच नाही, पुढच्या पायऱ्या पण करायच्या नाहीत, मिस्त्रीला घरी बोलवा किंवा टो करून न्या. (ज्या गाडीला बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, आहे तिच्यात पेडल दाबून धरून इंजिन चालू केलं की पेडल थोडं खाली सरकतं, त्याला घाबरू नका, ते तसंच हवं.)

मग हँडब्रेक ओढा आणि टिकटिक मोजा. साधारण पाच-सहा टिकटिकींत चाक पकडलं पाहिजे. लिव्हर आठ-नऊच्या पुढे पार वर येत असेल तर शूचं अंतर वाढलंय किंवा केबल लांबलीय. आता इथे बरेच जण केबलचा नट आवळून टाकतात आणि हँडब्रेक लागायला लागला म्हणून खूश होतात, पण शूचं अंतर तसंच ठेवून केबल ताणली की ऑटो अ‍ॅडजस्टरचं काम बिघडतं आणि पेडल खालीच राहतं. आधी शू अ‍ॅडजस्ट, मग केबल, हा क्रम उलटा करू नका.

पायरी २: रिकाम्या मैदानात हळू चालवून

सरळ, कोरडी, रिकामी जागा घ्या. मागे पुढे कोणी नको. २०-३० च्या स्पीडने जा आणि नेहमीसारखा ब्रेक मारा. काचा खाली, रेडिओ बंद. आवाज कुठून येतोय ते ऐका. मागून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा खरखर आवाज म्हणजे लायनर संपून रिव्हेट किंवा शूचा पत्रा ड्रमला लागतोय, त्याला अजून एक आठवडा पण चालवू नका कारण प्रत्येक ब्रेकला ड्रममध्ये चर पडत जातो आणि लायनरच्या खर्चात ड्रमचा खर्च वाढतो. नुसती चीं-चीं असेल तर धूळ, काचेसारखं गुळगुळीत झालेलं लायनर असं काहीतरी असतं. पावसाळ्यात रात्रभर गाडी बाहेर उभी असेल तर सकाळच्या पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर होते, ड्रमवर वरवर गंज चढतो तो घासून निघून जातो, ती काळजीची गोष्ट नाही.

आता हँडब्रेकवाली टेस्ट, आणि मला विचाराल तर नवशिक्याने ही एक टेस्ट जरी शिकली तरी खूप झालं. स्पीड १५-२० ठेवा, स्टिअरिंग सरळ, हँडब्रेकचं बटण दाबूनच ठेवा म्हणजे तो अडकणार नाही, आणि लिव्हर हळूहळू वर ओढा. झटका द्यायचा नाही, ओल्या रस्त्यावर किंवा वळणावर अजिबात करायचं नाही. हँडब्रेक फक्त मागच्या ड्रमवर चालतो त्यामुळे पुढच्या डिस्कचा हिशोब यातून आपोआप बाहेर पडतो. हँडब्रेकने गाडी छान धरते पण पेडलने ब्रेक कमी लागतो, तर शू आणि ड्रम बहुतेक ठीक आहेत, बिघाड ऑइलच्या रस्त्यात किंवा पुढच्या ब्रेकमध्ये शोधा. दोन्हीने मागचं नीट धरत नाही तर लायनर, ड्रम, अ‍ॅडजस्टमेंट किंवा लायनरवर आलेलं तेल. पेडलने ब्रेक ठीक आणि हँडब्रेक एकदम ढिला, तर केबल किंवा आतला लिव्हर.

थरथर पण अशीच वेगळी काढता येते. पेडल मारल्यावर स्टिअरिंग हलतं पण हँडब्रेकने काहीच होत नाही तर पुढची डिस्क वाकडी आहे. हँडब्रेक ओढल्यावर सीटखालून धडधड लागते, लिव्हर हातात थरथरतो, तर मागचा ड्रम लंबगोल झालाय. ही माहिती मिस्त्रीला सांगितली तरी त्याचा अर्धा तास वाचतो आणि तुमचे पैसे.

पायरी ३: गरमीचा फरक

आठ-दहा किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा, शेवटच्या टप्प्यात जोरात ब्रेक न मारता हळू थांबा, आणि मागच्या दोन्ही चाकांच्या जवळ हाताची मागची बाजू न्या. हात लावायचा नाही, ड्रम तापलेला असेल तर कातडी चिकटेल. दोन्हीकडे साधारण सारखी ऊब हवी. एक चाक भट्टीसारखं तापलंय, जळका वास येतोय, तर तिथे ब्रेक सुटत नाहीये, शू चिकटून राहतोय. आणि एक बाजू एकदम गार असेल तर तिथला ब्रेक लागतच नाही, सिलेंडरचा पिस्टन गंजून अडकलेला असतो बरेचदा. या गार चाकाकडे लोकांचं लक्ष जात नाही कारण ते आवाज करत नाही, वास येत नाही, गाडी पण निमूट चालते, आणि मग एखाद्या दिवशी पावसात जोरात ब्रेक मारल्यावर गाडी मागून फिरते. म्हणून दोन्ही बाजू नेहमी एकमेकींशी ताडून बघा.

कोकणातल्यांसाठी एक वेगळं सांगतो. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी आठवडाभर उभी ठेवली की शू गंजाने ड्रमला चिकटतात, सुरू करताना मागची चाकं फिरत नाहीत, मग कोणीतरी क्लच सोडून जोरात ओढायला बघतो आणि लायनरच शूवरून सुटून येतं. चार महिने हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये उभी ठेवा आणि चाकाला दगड लावा, सपाट जागेवर एवढं पुरतं.

पायरी ४: ड्रम उघडणं

उघडायच्या आधी जागा. सपाट, कडक जमीन. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, कारण मागचं चाक उचलणार आणि हँडब्रेक सोडावा लागणार म्हणजे तो धरणार नाही. चाकाचे नट गाडी खाली असतानाच ढिले करून घ्या. मग जॅक लावा आणि जॅकबरोबर खाली स्टँड पण लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात-डोकं घालू नका, आणि टेकू म्हणून विटा तर बिलकुल नको, वीट वजनाखाली फुटताना आधी सांगत नाही.

चाक काढायच्या आधी हाताने फिरवून बघा. हलकं घासल्याचा आवाज चालतो, पण एका जागी अडतंय आणि पुढे मोकळं फिरतंय तर ड्रम लंबगोल. वर-खाली धरून हलवा, कटकट लागली तर बेअरिंग गेलंय. ८०० मध्ये मागची बेअरिंग ड्रममध्येच बसलेली असतात, त्यामुळे ड्रम काढताना बेअरिंग पण बघायची संधी मिळतेच.

धूळ उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ती बारीक पूड फुप्फुसात गेली की कायमची राहते, म्हणून कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, कोरड्या ब्रशने झटकायचं नाही, तोंडाने तर फुंकायचंच नाही. मास्क घाला, साबणाच्या पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने ओलं करून फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. गॅरेजमध्ये पोरं हवेने ड्रम साफ करताना दिसली तर त्यांना पण सांगा, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

मधली टोपी काढा, स्प्लिट पिन असेल तर काढा, मधला मोठा नट सोडा. (काही ठिकाणी पिनच्या जागी नटाची कड ठोकून बसवलेली असते, तो नट परत वापरायचा नाही.) ड्रम हाताने ओढून येत नसेल तर आधी हँडब्रेकची केबल ढिली करा. जुन्या ड्रमच्या आत झिजून झिजून कड तयार झालेली असते आणि शू त्या कडेला अडकतात, अशा वेळी अ‍ॅडजस्टर मागे घ्यावा लागतो. तरी नाही आला तर गंज सोडवणारं तेल मारून थांबा, बऱ्याच ड्रमला दोन आट्यांची भोकं असतात त्यात बोल्ट घालून दोन्ही थोडेथोडे आळीपाळीने आवळा, नाहीतर पुलर लावा. हातोडीने कडेवर ठोकू नका, बीड आहे, तडा जातो.

ड्रम बाहेर असताना कोणालाही पेडल दाबू देऊ नका, पिस्टन बाहेर उडतात. आणि एका वेळी एकच बाजू उघडा, आधी मोबाइलवर फोटो काढा, स्प्रिंगा कुठे अडकवल्या होत्या ते विसरायला झालं तर दुसरी बाजू बघायला शिल्लक राहते.

पायरी ५: काय बघायचं

लायनर. चिकटवलेलं असेल तर पत्र्यावर दीड-दोन मिलिमीटर उरलं की बदलायची वेळ आली, रिव्हेटचं असेल तर जाडी पत्र्यापासून मोजू नका, रिव्हेटच्या डोक्यापासून मोजा. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच धरा. पुढचा शू मागच्यापेक्षा जास्त झिजलेला दिसेल, त्यात बिघाड नाही, गाडी पुढे जाताना ड्रमच्या फिरण्यानेच तो शू आणखी ओढला जातो म्हणून तो जास्त काम करतो. पण एकच शू एका कडेला पातळ आणि दुसऱ्या कडेला जाड असेल तर शू वाकडा बसतोय. लायनर चमकदार, काचेसारखं झालंय पण जाडी आहे, तर एमरी पेपरने हलकं ओलं घासून चालतं. तडे गेलेत, कडेने सुटायला लागलंय, तर चालत नाही.

आता तेल. लायनर ओलं, काळं, चिकट दिसलं तर थांबा, हे कुठून आलं ते समजल्याशिवाय पुढे जाऊ नका. व्हील सिलेंडरच्या दोन्ही टोकांना रबरी टोपणं असतात, त्यांची कड पातळ स्क्रू ड्रायव्हरने हलकी उचला. आत किंचित दमट असेल तर ठीक, थेंब ओघळला तर सिलेंडर गळतोय. ब्रेक ऑइल पातळ असतं. घट्ट ग्रीस असेल तर ते बेअरिंगकडून आलंय, सील गेलंय. ओम्नी आणि जीपसारख्या मागून ओढणाऱ्या गाड्यांत अ‍ॅक्सलचं ऑइल सील फुटून गिअर ऑइल ड्रममध्ये येतं, त्याला गंधकासारखा उग्र वास असतो. जुन्या चेतक स्कूटरच्या मागच्या ड्रमची पण हीच कथा, तिथे पण सील बघा. तेलात भिजलेलं लायनर पेट्रोलने धुवून, गॅसवर भाजून परत लावणारे लोक आहेत, कृपा करून करू नका. तेल आत मुरलेलं असतं, ब्रेक तापला की परत वर येतं, आणि तेही नेमकं घाटात.

ड्रम. आतून नख फिरवा. नख अडकेल असे चर असतील तर लेथवर टर्निंग (आतून थोडं कातून गुळगुळीत करणं) करून मिळतं, पण त्याला मर्यादा आहे. बऱ्याच ड्रमवर जास्तीत जास्त किती व्यास चालेल तो आकडा ओतलेला असतो. व्हर्नियरने दोन-तीन दिशांनी मोजा, टर्निंगनंतर त्या आकड्याच्या वर जाणार असेल तर ड्रम बदला. दोन दिशांच्या मापांत फरक आला तर तो लंबगोल आहे. निळसर डाग म्हणजे ड्रम फार तापलेला होता. तडा दिसला तर मोजत बसू नका, ड्रम गेला.

स्प्रिंगा लोक बघतच नाहीत. वेटोळ्यांमध्ये फट पडली असेल, रंग उडून निळी-करडी झाली असेल तर ती ढिली पडलीय, शू परत ओढणार नाही आणि चाक तापत राहील. स्प्रिंगांचा खर्च किरकोळ असतो, लायनरबरोबर बदलून टाका. हँडब्रेकचा आतला लिव्हर हाताने ओढून सोडा, स्वतःहून मागे गेला पाहिजे. अ‍ॅडजस्टरचे दात झिजलेत का, तो गंजून बसलाय का ते बघा. मागच्या पत्र्यावर शू जिथे टेकतात तिथे खाचा पडल्या असतील तर शू त्यात अडकतो, तिथे गरमी सोसणारं ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढं लावायचं, लायनरवर जाऊ न देता.

पायरी ६: काय बदलायचं

लायनर नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम, एका बाजूचे कधीच नाही, नाहीतर गाडी ओढते. टर्निंग पण दोन्ही ड्रमला. सिलेंडर गळत असेल तर उघडून आतली भिंत बघा, गुळगुळीत असेल तर रबरी किट टाकून चालतं, खड्डे पडले असतील तर नवीन किट पण लवकरच गळेल, तिथे सिलेंडरच बदला. गावात शू देऊन लायनर पेस्टिंग करून मिळतं, चांगला कारागीर असेल तर काम उत्तम होतं, फक्त शूचा पत्रा सरळ आहे ना ते आधी बघून द्या. ऑइल सांडलं असेल तर रंगावरून लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतं ते. ऑइल वर्षानुवर्षं बदललेलं नसेल तर या निमित्ताने पूर्ण बदला, ते हवेतलं पाणी ओढतं आणि सिलेंडर आतून गंजतात त्याचं मोठं कारण हेच. टाकीच्या झाकणावर जो ग्रेड लिहिलाय तोच घ्या.

घाटात राहणाऱ्यांनी एक समजून घ्या. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो, म्हणून खंबाटकी किंवा आंबा घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की पेडल हळूहळू खाली जायला लागतं आणि लायनरची पकड पण कमी होते. हा नेहमीच बिघाड नसतो, गार झाल्यावर पेडल परत वर आलं तर ड्रम फक्त तापला होता. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहा. गार होऊन पण पेडल खालीच असेल तर वरच्या पहिल्या पायरीपासून तपासा. साठलेल्या पाण्यातून गेल्यावर पण ड्रम ओले होऊन ब्रेक लागत नाहीत, तेव्हा हळू चालवत पेडल हलकं दाबून ते वाळवून घ्या आणि मगच स्पीड वाढवा.

सगळं बसवल्यावर स्प्लिट पिन नवीनच घाला, नट मॅन्युअलच्या टॉर्कप्रमाणे आवळा. गाडी हलवायच्या आधी जागेवरच पेडल बऱ्याचदा दाबा, टणक लागेपर्यंत, कारण शू अजून ड्रमपासून लांब असतात आणि पहिल्या दाबाला पेडल पार खाली जाऊ शकतं. सिलेंडर उघडला असेल तर हवा काढल्याशिवाय गेटच्या बाहेर जायचं नाही. पहिले दीड-दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारणं टाळा, लायनर ड्रमच्या गोलाईत बसायला तेवढं लागतं, त्यानंतर हँडब्रेकची टिकटिक परत मोजा, टाकीतली लेव्हल बघा आणि मागच्या चाकांच्या आतून एकदा हात फिरवून कोरडं आहे ना ते तपासा.